वानखेडेवर मॅच असेल त्या दिवशी: गाडी कुठे लावाल, रस्ता कसा ओलांडाल, तक्रार कुठे कराल

वानखेडे स्टेडियममध्ये सुमारे ३३ हजार माणसे बसतात. एवढ्या प्रेक्षकांच्या गाड्यांसाठी तिथे वाहनतळ नाही. म्हणून मॅचच्या दिवशी गाड्या येतात त्या सी रोडपासून जी रोडपर्यंतच्या गल्ल्यांत, सोसायटीच्या फाटकासमोर आणि फुटपाथवर. तुम्ही इथे राहत असाल तर दुपारी औषध आणायला बाहेर काढलेली गाडी संध्याकाळी आत नेता येत नाही. बाहेरून येत असाल तर पाचशे रुपये वाचवायला गल्लीत लावलेली गाडी परत येईपर्यंत जागेवर असेलच असे नाही. दोघांनाही हे टाळता येते, पण तयारी आदल्या दिवशी करावी लागते.

आधी सूचना वाचा

मोठ्या सामन्याच्या एक-दोन दिवस आधी मुंबई वाहतूक पोलीस जाहीर सूचना काढतात. ती त्यांच्या समाजमाध्यमांवरील अधिकृत खात्यांवर आणि वर्तमानपत्रांत येते. नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग म्हणजेच मरीन ड्राइव्ह, वीर नरिमन मार्ग, दिनशॉ वाच्छा मार्ग आणि सी ते जी रोड ही नावे त्यात बहुतेक वेळा असतात. काही रस्ते पूर्ण ‘नो पार्किंग’ होतात, काही एकदिशा. प्रत्येक सामन्याची सूचना वेगळी असते. मागच्या मॅचला चालले म्हणून याही वेळी चालेल, असे धरू नका.

सूचनेत तीन गोष्टी बघा: रस्त्याचे नाव, कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत, आणि वेळ. संध्याकाळी ७.३०च्या सामन्यासाठी बंदी दुपारीच लागू होऊ शकते.

रहिवाशांनो, ही बंदी तुमच्या गाडीलाही लागू आहे. आदल्या रात्रीपासून बिल्डिंगबाहेर रस्त्यावर उभी असलेली गाडी ‘आम्ही इथलेच’ एवढ्यावर सुटत नाही. सकाळीच ती सोसायटीच्या आवारात घ्या किंवा सूचनेच्या हद्दीबाहेर न्या. गावाला जात असाल तर किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. गाडी उचलली गेली की सर्वांत जास्त मनस्ताप बाहेरगावी असलेल्या मालकाला होतो.

नाकाबंदीतून घरी जाण्यासाठी पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. आधार कार्डावरचा पत्ता जुना असेल तर वीजबिल किंवा सोसायटीचे मेंटेनन्स बिल चालू महिन्याचे असावे. गाडीच्या आरसीवरचा पत्ता पुण्याचा किंवा ठाण्याचा असतो आणि वाद तिथेच सुरू होतो. घरी येणारी नर्स, स्वयंपाकाच्या ताई, डायलिसिसहून परतणारे आजोबा यांच्यासाठी सोसायटीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचे दोन ओळींचे पत्र करून ठेवा. त्याला कायदेशीर वजन फारसे नाही, पण बॅरिकेडवरच्या हवालदाराला निर्णय घेणे सोपे जाते.

गाडी चुकीच्या जागी लावली तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा पकडले गेल्यास १,५०० रुपये. महाराष्ट्रात हे दर डिसेंबर २०२१ पासून आहेत. वाहतुकीला अडथळा झाला तर कलम २०१ आहेच. गाडी उचलायचा अधिकार कलम १२७ देते.

एवढ्यावर खर्च थांबत नाही. गाडी उचलली तर टोइंगचे शुल्क वेगळे, त्यावर जीएसटी वेगळा. शिवाय चौकीपर्यंत जायचे टॅक्सीभाडे. म्हणून पैसे देताना दंड किती आणि टोइंग किती हे वेगवेगळे विचारा आणि दोन्हींची पावती घ्या. पावतीवर गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा तपासा. ‘पावती नको असेल तर कमी द्या’ असे कुणी म्हणाले तर नकार द्या. तो सौदा तुमच्या बाजूचा नाही: ई-चलन आधीच निघालेले असले तर तेच पैसे पुन्हा भरावे लागतील.

गाडी जागेवर नसेल तर आधी चोरीची तक्रार करायला धावू नका. मुंबई वाहतूक पोलिसांच्या ८४५४९९९९९९ या हेल्पलाइनवर गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ कळवा. जवळच्या चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला विचारा, रस्त्यावर खडूने काही खूण केली आहे का बघा. सोडवायला जाताना लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी हवे. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधली कागदपत्रे चालतात, झेरॉक्स मात्र चालेलच असे नाही. मोबाइलची बॅटरी मॅच शूट करण्यात संपवू नका.

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. बंपर, आरसे, पुढची चाके, दुचाकीचे हँडल बघा. ओरखडा दिसला तर तिथेच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीला अर्थ उरत नाही.

ई-चलन चुकीचे वाटले तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर फोटो उघडून बघा. नंबरप्लेट तुमचीच आहे का, जागा कोणती, वेळ कोणती. चूक असेल तर तिथेच तक्रार नोंदवा. चलन खरे असेल तर साठवून ठेवू नका. गाडी विकताना ते सारे एकदम समोर येते. एसएमएसमधल्या अनोळखी लिंकवर दंड कधीही भरू नका. अ‍ॅप किंवा संकेतस्थळ स्वतः उघडा, मगच पैसे भरा.

पार्किंगचे पैसे मागणारा माणूस

मॅचच्या दिवशी हातात पावतीपुस्तक घेतलेली माणसे अचानक दिसू लागतात. महापालिकेचा पे अँड पार्क असेल तर दरफलक लावलेला असतो आणि पावतीवर ठेकेदाराचे नाव, गाडीचा क्रमांक, आत येण्याची वेळ असते. हे नसेल तर पैसे देऊ नका. वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर ऑनलाइन पैसे मागितले तर मुळीच नाही. दरफलकापेक्षा जास्त मागितल्यास फलकाचा फोटो काढून महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार करा.

एक मोठी फसगत इथे होते. रोजचा पे अँड पार्क असलेला रस्ता जाहीर सूचनेत ‘नो पार्किंग’ असेल, तर हातात पावती असूनही गाडी उचलली जाऊ शकते. पावती देणारा तोवर निघून गेलेला असतो. पैसे देण्याआधी रस्त्याचे नाव सूचनेशी ताडून बघा.

काही इमारतींचे वॉचमन आवारात गाडी घेतो म्हणतात. समिती त्याला होकार देते का, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. रात्री ११ वाजता फाटकाला कुलूप असेल तर भांडण कुणाशी करणार? सोसायटीच्या सदस्यांनाही सांगणे आहे: मॅचच्या रात्री आवार भाड्याने देऊन चार पैसे मिळतात, पण अग्निशमन दलाची गाडी वळायची जागाही त्यातच जाते. असा निर्णय सेक्रेटरीने एकट्याने घेऊ नये. तो सर्वसाधारण सभेत व्हावा, इतिवृत्तात यावा.

गाडी न आणता किती पडते

अंधेरीहून चर्चगेटला लोकलने सेकंड क्लासचे तिकीट १० रुपये. किमान तिकीट ५ रुपये, एसी लोकलचे किमान ३५. परतीचे तिकीट निघतानाच काढा. मॅच सुटल्यावर चर्चगेटच्या खिडकीसमोरची रांग बघून लोक विनातिकीट चढतात आणि पकडले गेल्यास किमान २५० रुपये अधिक भाडे मोजतात. रात्रीची शेवटची लोकल चर्चगेटहून १ च्या सुमारास सुटते. काही सामन्यांना पश्चिम रेल्वे जादा गाड्या सोडते, पण त्या गृहीत धरू नका, घोषणा बघा.

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते आणि तिचे चर्चगेट स्थानक अगदी सोयीचे आहे. भाडे १० ते ७० रुपये. येताना जरूर वापरा. जाताना अडचण अशी, की शेवटच्या गाड्या १०.३० च्या सुमारास सुटतात आणि ७.३० ला सुरू झालेली टी-२० मॅच अनेकदा ११ नंतर संपते. त्या दिवशी वेळ वाढवल्याची घोषणा नसेल तर परतीसाठी लोकलच धरा.

बेस्टचे किमान भाडे साध्या बसला १० रुपये, एसीला १२. मॅचच्या दिवशी मार्ग वळवले जातात, नेहमीच्या थांब्यावर वाट बघत बसू नका.

काळी-पिवळी टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये. म्हणजे १० किलोमीटरला सुमारे २०७ रुपये. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत २५ टक्के जादा, म्हणजे तेच अंतर सुमारे २५८ रुपयांत. हे आकडे पाठ ठेवा, कारण स्टेडियमबाहेर ‘पाचशे फिक्स’ ऐकू येते. मीटरने न येणाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा टॅक्सीचा क्रमांक टिपून वाहतूक पोलिसांना कळवा आणि हुतात्मा चौकाच्या दिशेने चालत जा. दहा-पंधरा मिनिटे चाललात की मीटर टाकणारा टॅक्सीवाला भेटण्याची शक्यता वाढते. अ‍ॅपवरच्या गाड्यांचे भाडे मॅच सुटताक्षणी चढते आणि गाडी बॅरिकेडच्या आत येऊच शकत नाही. बुकिंग करताना पिकअपची जागा बंद रस्त्यांच्या बाहेरची द्या, नाहीतर चालक रद्द करतो आणि रद्द केल्याचा आकार तुमच्यावर पडू शकतो.

एक छुपा खर्च पिशवीचा आहे. स्टेडियममध्ये बॅग, पॉवरबँक, पाण्याची बाटली सहसा नेऊ देत नाहीत. फाटकाशी आल्यावर हे कळले की लोक फुटपाथवरच्या अनोळखी माणसाकडे पैसे देऊन बॅग ठेवतात. हरवली तर दाद मागायला जागा नाही. शिवाय बॅगांच्या त्या गर्दीनेच फुटपाथ बंद होतो आणि चालणारी माणसे रस्त्यावर उतरतात. तिकिटावरची बंदी असलेल्या वस्तूंची यादी घरीच वाचा.

पायी चालताना

स्टेडियमच्या एका बाजूला पश्चिम रेल्वेचे रूळ आहेत, दुसऱ्या बाजूला वेगाने वाहणारा मरीन ड्राइव्ह. मधल्या गल्ल्या अरुंद. त्यामुळे हजारो माणसांना बाहेर पडायला वाटा मोजक्याच.

रूळ ओलांडू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण खरी किंमत त्याहून फार मोठी आहे. मरीन ड्राइव्ह दुभाजकावरून उडी मारून ओलांडू नका. सिग्नल दूर वाटला तरी तिथपर्यंत चाला. चर्चगेटला भुयारी मार्ग आहे, तो वापरा.

तिकिटावरचा गेट क्रमांक बघून जायचे-यायचे स्टेशन आधी ठरवा. मरीन लाइन्स काही गेटना जवळ पडते, पण चर्चगेटहून सुटलेली लोकल तिथे येईपर्यंत भरलेली असते. मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर थोडे जास्त चालून चर्चगेटलाच जा, तिथे रिकामी गाडी मिळते.

शेवटचा चेंडू पडल्यावरची पहिली वीस-पंचवीस मिनिटे सर्वांत वाईट. जागेवर बसून राहा. बाहेर भेटायची खूण आधी ठरवा, कारण तेव्हा मोबाइलला रेंज मिळत नाही. मुलांच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा. पायात घट्ट बसणारे बूट घाला. ४ जुलै २०२४ ला टी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या संघाच्या मिरवणुकीनंतर मरीन ड्राइव्हवर चपला-बुटांचा खच पडला होता, काही जण जखमी झाले होते. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. गेटवर रेटारेटी सुरू झाली तर पुढे घुसू नका, आडवे सरकत कडेला या, हात छातीसमोर ठेवा. मॅच सोडून द्यावी लागली तरी द्या.

इथल्या रहिवाशांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, संध्याकाळचा फेरफटका त्या दिवशी सकाळी उरकावा. तुमच्या हक्काच्या फुटपाथवर तुम्हीच वेळ बदलायची, हे मला पटत नाही, पण पडून खुब्याचे हाड मोडण्यापेक्षा ते परवडते.

कुणाला गाडीची धडक बसली तर ११२ वर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका. गाडीचा क्रमांक टिपा. मे २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात; रुग्णालयात पोहोचताच या योजनेबद्दल विचारा. गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी भरपाई आहे: मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा करा. एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, बिले आणि बँक पासबुकची प्रत पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. मदत करणाऱ्याने घाबरू नये: मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ त्याला संरक्षण देते, पोलिसांना नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

सोसायटीने लिहायचे पत्र

मॅच सुरू असताना केलेला फोन गाडी हलवू शकतो, पुढच्या मॅचची व्यवस्था बदलू शकत नाही. त्यासाठी पत्र लागते, तेही वेळापत्रक जाहीर झाल्याबरोबर, सामन्याच्या निदान पंधरा दिवस आधी. खर्च प्रिंट आणि झेरॉक्सचा.

पत्र तीन ठिकाणी द्या: मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्याचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक, तुमच्या भागाचा वाहतूक पोलीस विभाग, आणि महापालिकेच्या ‘ए’ विभागाचे सहायक आयुक्त. ‘ए’ विभागाचे कार्यालय फोर्टमध्ये शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेजवळ आहे. प्रत मुंबई क्रिकेट असोसिएशनला. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या. पोच नसेल तर पत्र दिलेच नाही असे समजा.

‘रहिवाशांना फार त्रास होतो’ एवढेच लिहिलेल्या पत्राचे पुढे काही होत नाही. नेमके लिहा: कोणते फाटक, किती वाजता, किती गाड्या, रुग्णवाहिका किती मिनिटे अडकली. तारीख-वेळ दिसणारे चार फोटो जोडा. मागणीही नेमकी असू द्या: फाटकासमोर शंकू, मॅच सुटताना एक हवालदार, पुसट झालेला झेब्रा पट्टा पुन्हा रंगवणे, फुटपाथवरची उखडलेली लादी बसवणे. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर शहर भागात तो बेस्टकडे येतो, महापालिकेकडे पाठवून आठवडा वाया घालवू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील हक्काचा भाग मानला आहे. पत्रात ते एका वाक्यात लिहा.

आडमार्ग टाळा. फाटकाबाहेर रस्त्यावर दगड, कुंड्या, साखळी लावणे हे तुमचेच अतिक्रमण ठरते. चुकीच्या गाडीची हवा काढणे हा गुन्हा आहे, आणि हवा गेलेली गाडी फाटकासमोरून हलतही नाही. फोटो काढा, हेल्पलाइनला पाठवा.

पत्राचे उत्तर आले नाही तर माहिती अधिकार. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तर ३० दिवसांत, प्रतींचे पानाला २ रुपये. ऑनलाइनही करता येतो. मत विचारू नका, कागद मागा: अमुक तारखेच्या सामन्याच्या वाहतूक नियोजनाची प्रत, त्या दिवशी तुमच्या रस्त्यावर झालेल्या नो पार्किंग कारवायांची संख्या, टोइंगचे सध्याचे दर ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, तुमच्या पत्रावर काय कारवाई झाली याच्या टिपणीची प्रत. वाहतूक पोलीस आणि महापालिका यांना वेगवेगळे अर्ज करा, एकाच अर्जात दोन्ही घातले की तो इकडून तिकडे फिरत राहतो. उत्तर मिळाले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील, तेही २० रुपयांत. स्टॅम्प आधीच दोन-तीन जास्त आणून फाइलला लावून ठेवा. ऐनवेळी ते शोधण्यात अर्धा दिवस जातो.